मध्यवस्तीत तळी आणि कालवे: जाहीर चर्चा कशी घडवून आणावी

शहराच्या जुन्या मध्यवस्तीला उतरती कळा लागली, दुकानांची दारे एकामागून एक बंद होऊ लागली आणि मोकळ्या जागा केवळ गाड्या उभ्या करण्यापुरत्या उरल्या, की त्या भागात पाणी खेळवून त्याला पुन्हा ऊर्जितावस्थेला आणण्याचा प्रस्ताव कधी ना कधी पुढे येतो. प्रस्तावासोबत एक रंगीत चित्र असते. त्यात आकाश निरभ्र असते, पाणी निळे असते आणि काठावरची झाडे पूर्ण वाढलेली असतात. ते चित्र पाहून काही जण हरखतात, काही जण आधी रस्ते आणि गटारे नीट करा म्हणून उठून उभे राहतात, आणि पहिल्याच सभेत दोन तट पडतात. पुढचे कित्येक महिने त्या दोन तटांच्या वादावादीत जातात आणि प्रत्यक्ष पाण्याविषयी कोणी बोलतच नाही.

अशी चर्चा चित्रावर होऊ देऊ नये, ती पाण्याच्या हिशेबावर व्हावी, असे माझे ठाम मत आहे. पाणी कोठून येणार, कोरड्या महिन्यांत ते किती उरणार, मुसळधार पावसात कोठे जाणार, दहाव्या वर्षी गाळ कोण काढणार आणि तेव्हा त्या काठावर कोण राहत असेल, या प्रश्नांची उत्तरे कागदावर आली की समर्थकांची आणि विरोधकांचीही बोलण्याची तऱ्हा बदलते. पुढील मार्गदर्शन सभा बोलावणाऱ्यांसाठी आहे, तसेच त्या सभेत उठून चार शब्द बोलू इच्छिणाऱ्या रहिवाशांसाठी, दुकानदारांसाठी आणि भाडेकरूंसाठीही आहे.

प्रस्ताव नेमका कशाचा आहे, हे आधी ठरवून घ्यावे

‘पाण्याने वस्तीचे पुनरुज्जीवन’ या एकाच नावाखाली चार वेगवेगळी कामे खपवली जातात आणि त्यांचे प्रश्नही वेगवेगळे असतात. पहिले काम म्हणजे स्लॅबखाली गाडला गेलेला ओढा पुन्हा उघडा करणे. दुसरे, बुजवून रस्ता केलेला जुना कालवा परत खोदणे. तिसरे, जेथे कधीच पाणी नव्हते तेथे नवे तळे किंवा नवा कालवा बांधणे. चौथे काम सर्वांत कमी चर्चिले जाते: पावसाळी पाणी काही तास साठवणारी आणि एरवी कोरडीच राहणारी खोलगट जागा तयार करणे. सभेच्या निमंत्रणपत्रातच यांपैकी कोणते काम योजले आहे, हे एका वाक्यात लिहावे. ते लिहिता येत नसेल, तर प्रस्ताव अजून सभेपुढे आणण्याजोगा झालेला नाही.

ही विभागणी वरवर सोपी वाटते. प्रत्यक्षात ती फसवी असते. दक्षिण कोरियाची राजधानी सोलमधील चोंग्येचोन या ओढ्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने काँक्रीटचे आच्छादन घातले गेले आणि त्यावर उन्नत महामार्ग उभा राहिला. २००२ मध्ये महापौरपदी निवडून आलेल्या ली म्युंग-बाक यांनी तो महामार्ग पाडून ओढा मोकळा करण्याचे वचन दिले होते. जुलै २००३ मध्ये काम सुरू झाले आणि २००५ च्या शरद ऋतूत सुमारे ५.८ किलोमीटर लांबीचा प्रवाह लोकांसाठी खुला झाला. पाहणाऱ्याला हे पहिल्या प्रकारचे काम वाटते. पण तेथे एरवी वाहणारे बहुतेक पाणी मूळच्या झऱ्यांचे नाही. हान नदीचे पाणी आणि भुयारी रेल्वेत झिरपणारे भूजल मिळून रोज सुमारे १ लाख २० हजार घनमीटर पाणी पंपांनी वर चढवून प्रवाहात सोडले जाते. म्हणजे ओढा जुना असला तरी पाण्याच्या हिशेबाने ते बऱ्याच अंशी नवे बांधकाम ठरते. या प्रकल्पाने शहराच्या मध्यभागाला मोकळा श्वास दिला, हे मी मनापासून मानतो. तरीही त्याचे उदाहरण देताना पंपांचा उल्लेख न करणे ही श्रोत्यांची दिशाभूल आहे. कोणी सभेत सोलचे छायाचित्र दाखवले, तर पंपाचे वीजबिल कोण भरणार आणि पंप तीन दिवस बंद पडला तर पात्र कसे दिसेल, हे दोन प्रश्न शांतपणे विचारावेत.

पाण्याचा हिशेब सर्वांसमोर फळ्यावर मांडावा

या भागावर सभेचा निम्मा वेळ खर्च झाला तरी हरकत नाही. हिशेबासाठी अभियंता असावे लागत नाही. एकच सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर. एवढ्या भांडवलावर कोणताही रहिवासी प्रस्तावातील मोठमोठे शब्द तपासून पाहू शकतो.

समजा, एक हेक्टरचे तळे सुचवले आहे आणि त्याची सरासरी खोली दीड मीटर आहे. त्यात १५ हजार घनमीटर, म्हणजे दीड कोटी लिटर पाणी मावेल. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरले, तर तळे रोज ५० हजार लिटर पाणी नुसते हवेला देते. तळातून झिरपणारे पाणी वेगळे. हे पाणी भरून काढायचे असेल तर ते कोठून येणार? पिण्याच्या पाण्याच्या नळातून येणार असेल, तर ज्या घरांना पाणी जेमतेम मिळते त्यांच्यासमोर हे उघडपणे सांगावे लागेल. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातून येणार असेल, तर त्यातील नत्र आणि स्फुरद किती उतरवले जाणार, हे विचारावे लागेल, कारण तेच शेवाळाचे खत असते. अमेरिकेतील सॅन अँटोनियो शहर आपल्या नदीतील प्रवाह टिकवण्यासाठी शुद्ध केलेले सांडपाणी वापरते, तेव्हा हा मार्ग अशक्य नाही. मात्र ‘शुद्ध केलेले’ याचा अर्थ आकड्यांत सांगितला गेला पाहिजे.

दुसरा हिशेब पाणी किती दिवसांत बदलते याचा. वरच्याच तळ्यात रोज १० लाख लिटर ताजे पाणी येत असेल, तर सगळे पाणी बदलायला १५ दिवस लागतील. रोज एक लाख लिटर येत असेल, तर १५० दिवस लागतील. उष्ण दिवसांत पाणी जितके अधिक काळ एका जागी थांबते, तितकी शेवाळ वाढण्याची शक्यता अधिक. हे सांगताना एक बारकावा जरूर मांडावा, कारण तो बैठकीच्या खोलीत बसून कोणाला सुचत नाही. पाण्यातील वनस्पती आणि शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री तोच वापरून टाकतात. त्यामुळे पाण्यातील विरघळलेला प्राणवायू पहाटे, सूर्य उगवण्याच्या सुमारास, सर्वांत कमी असतो. मासे मरतात ते बहुधा याच वेळी. दुपारी एक वाजता घेतलेल्या नमुन्याचा अहवाल म्हणूनच अर्धे सत्य सांगतो. आसपास असेच एखादे तळे असेल, तर सभेच्या आधी चार-पाच जणांनी पहाटे उजाडताना तेथे जाऊन उभे राहावे. काठावरचा वास, कोपऱ्यात साचलेला हिरवट थर, पृष्ठभागाशी तोंड वर करून हवा ओढणारे मासे आणि पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी अडकलेला कचरा पाहिला, की पुढच्या सभेत कोणते प्रश्न विचारायचे ते कोणी शिकवावे लागत नाही. आणि पाणी स्वच्छ दिसले, वर चतुर कीटक घिरट्या घालताना दिसले, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे सभेत सांगावे.

तिसरा हिशेब पुराचा. तळी आणि कालवे पुरापासून वस्तीचे रक्षण करतील, असे जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात लिहिलेले असते. येथे एक साधी गोष्ट नजरेआड होते: काठोकाठ भरलेले तळे पुराचे थेंबभरही पाणी सामावून घेत नाही. उपयोगी असते ती नेहमीची पाणीपातळी आणि सांडव्याची पातळी यांमधली रिकामी जागा. एक हेक्टरच्या तळ्यात ही जागा अर्धा मीटर ठेवली, तर ५० लाख लिटर पाणी मावेल. आता ५० हेक्टरच्या सिमेंट-डांबराच्या वस्तीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के पाणी वाहून आले, तर ते चार कोटी लिटर होते. तळे त्याचा आठवा हिस्सा धरील. आठवा हिस्सा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, एखाद्या चौकातले गुडघाभर पाणी त्याने टळू शकते. पण ‘आता पूर येणार नाही’ असे त्यावरून म्हणता येत नाही. उरलेल्या साडेतीन कोटी लिटरांचे काय, हे आराखड्यात लिहून मागावे.

सॅन अँटोनियोचा नदीकाठ पाहून भारावलेल्या समर्थकांनी त्याचा पूर्वार्धही वाचावा. १९२१ च्या सप्टेंबरमध्ये तेथे मोठा पूर आला आणि पन्नासच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर शहराच्या मध्यातील नदीचे वळण बुजवावे किंवा झाकून टाकावे, असा विचार पुढे आला आणि नागरिकांनी त्याला विरोध केला. वास्तुरचनाकार रॉबर्ट हगमन यांनी १९२९ मध्ये काठाच्या विकासाची कल्पना मांडली आणि ती १९३९ ते १९४१ या काळात प्रत्यक्षात उतरली. मात्र त्याआधी नदीच्या वरच्या अंगाला ओल्मॉस धरण बांधले गेले होते आणि पुराचे पाणी वळणाला टाळून सरळ पुढे नेणारा वेगळा मार्ग काढला गेला होता. काठावर आज जी निवांत शांतता दिसते, ती त्या धरणाच्या, त्या मार्गाच्या आणि झडपांच्या जिवावर आहे. शिवाय तो काठ गजबजायला आणखी काही दशके जावी लागली; १९६८ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने त्याला खरी चालना मिळाली. पाच वर्षांत दुकाने भरतील, असे जो सांगतो त्याला ही सनावळी ऐकवावी.

‘हे सगळे पैसे पाण्यात जाणार’ एवढेच म्हणणाऱ्या विरोधकांनाही एक प्रतिप्रश्न आहे. काहीच न करण्याचा खर्च किती? २ जुलै २०११ रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनवर दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि तळघरे, रस्ते, दुकाने पाण्याखाली गेली. त्यानंतर २०१२ मध्ये शहराने ढगफुटीसाठी स्वतंत्र आराखडा केला. नुसत्या मोठ्या भूमिगत वाहिन्या टाकण्यापेक्षा उद्याने, रस्ते आणि खोलगट चौकांतून पाणी साठवणे आणि वळवणे स्वस्त पडेल, असा हिशेब करूनच त्यांनी शेकडो लहानमोठी कामे हाती घेतली. तेव्हा पाण्याला जागा देणे ही चैन आहे की गरज, हे वस्तीच्या उंचसखलपणावर आणि पावसावर ठरते. सभेतल्या आवाजाच्या उंचीवर ते ठरू देऊ नये.

डासांचा प्रश्न प्रत्येक सभेत निघतो आणि तो हसण्यावारी नेला जातो. तसे करू नये. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. खोल, हलते आणि मासे असलेले पाणी त्यांना मानवत नाही. त्यांना हवे असतात ते उथळ, गवताळ, निश्चल कोपरे आणि कचऱ्यात साचलेले पाणी. म्हणून ‘डास होतील का?’ असे मोघम विचारण्याऐवजी पाणी कोठे थांबणार आहे ते नकाशावर दाखवायला सांगावे. सर्वांत धोक्याचा काळ बांधकामाचा असतो, कारण अर्धवट खोदलेले खड्डे दोन-दोन पावसाळे तसेच पडून राहतात. त्यांची जबाबदारी ठेकेदाराच्या करारातच घालायला लावावी.

जमिनीखाली काय आहे, ते पाहिल्याशिवाय मत देऊ नये

जुन्या वस्तीच्या पोटात मलवाहिन्या, जलवाहिन्या, विजेच्या आणि दूरसंचाराच्या केबली, कोठे इंधनाच्या जुन्या टाक्या, कोठे कारखान्यांचे विषारी अवशेष असतात. कालव्याच्या खर्चाचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे नाही, या गाडलेल्या पसाऱ्यामुळे. म्हणून सभेपूर्वी भूमिगत वाहिन्यांचा नकाशा आणि मातीच्या तपासणीचा अहवाल मागावा.

सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जात असेल, तर जास्त पावसात ती वाहिनी भरून वाहते आणि मैलामिश्रित पाणी जवळच्या प्रवाहात शिरते. सोलच्या ओढ्यातही जोरदार पावसानंतर मासे मेल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि पाऊस वाढला की लोकांना काठावरून वर काढून वाटा बंद केल्या जातात. सिंगापूरने क्रम उलटा ठेवला. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत सिंगापूर नदी आणि कालांगचे खोरे स्वच्छ करण्याचे उद्दिष्ट दिले, आणि १९८७ पर्यंत प्रदूषणाचे उगम एकेक करून बंद करण्यात आले. काठाची रंगरंगोटी त्यानंतरची. कालांग नदीचा सुमारे २.७ किलोमीटर लांबीचा काँक्रीटचा सरळ नाला वळणावळणाच्या नैसर्गिक पात्रात बदलण्याचे बिशानच्या उद्यानातील काम तर २०१२ मध्ये पुरे झाले. आधी घाण थांबवावी, मग पाणी उघडे करावे, हा क्रम मला निर्विवाद वाटतो. ज्या प्रस्तावात मलवाहिन्या वेगळ्या करण्यासाठी तरतूद नाही, त्याला पाठिंबा देण्याची घाई करू नये.

भूजलाचीही एक बाजू आहे. नवे तळे झिरपले तर शेजारच्या तळघरांत ओल येते. उलट खोदकामासाठी पाणी उपसले आणि भूजल खाली गेले, तर लाकडी खुंटांवर उभ्या असलेल्या जुन्या इमारतींच्या खुंटांचे डोके उघडे पडून कुजू लागते. ज्या वस्तीत तशा इमारती आहेत, तेथे भूजलाची पातळी वर्षभर मोजल्याशिवाय काम सुरू होऊ नये.

सभा अशी भरवावी

सभेच्या आठवडाभर आधी कालव्याची खरी रुंदी खऱ्या रस्त्यावर आखून दाखवावी. दोन्ही काठांच्या रेषा चुन्याच्या फक्कीने माराव्यात, काठावरच्या वाटेची रुंदी दोरी ताणून दाखवावी आणि पाण्याची पातळी रस्त्यापासून किती खाली असेल, तेवढी खूण एखाद्या बांबूवर रंगवून तो बांबू उभा धरावा. नकाशावर बोटभर दिसणारी निळी पट्टी अशी जमिनीवर उतरली, की माणसे आपसूक चालून पाहतात. मालाची गाडी कोठे वळेल, आगीचा बंब कोठपर्यंत येईल, चाकाच्या खुर्चीवरील माणूस पाण्यापर्यंत कसा उतरेल, पलीकडच्या दुकानात जायला पूल किती अंतरावर आहे, हे प्रश्न त्या फक्कीच्या रेषेवर उभे राहून जितके स्पष्ट सुचतात, तितके सभागृहात कधीच सुचत नाहीत. सोलमध्ये दिव्यांग व्यक्तींना काठापर्यंत सहज उतरता येत नाही, ही टीका प्रकल्प खुला झाला तेव्हापासूनच झाली. अशी चूक कागदावर लपते, रेषेवर लपत नाही. लहान मुलांच्या सुरक्षिततेचाही विचार येथेच करावा: काठापासून पहिला मीटर-दीड मीटर पाणी उथळ ठेवून मग खोली वाढवली, आणि अधूनमधून बाहेर पडण्यासाठी पायऱ्या ठेवल्या, तर सगळीकडे उंच कठडे उभारून पाणी तुरुंगात घालण्याची वेळ येत नाही.

एकच सभा घेऊ नये. कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवलेल्या सभेला निवृत्त मंडळी, अधिकारी आणि ज्यांचा व्यवसाय या प्रस्तावाशी निगडित आहे तेच येतात. एक सभा संध्याकाळी, एक सुट्टीच्या दिवशी आणि एक प्रत्यक्ष जागेवर घ्यावी. वस्तीत बोलल्या जाणाऱ्या सर्व भाषांत माहितीपत्रक असावे, आणि ते दोन पानांपेक्षा मोठे नसावे.

चर्चेला शिस्त लावण्यासाठी मला एक युक्ती फार उपयोगी वाटते. प्रत्येक वक्त्याने आपले विधान माहिती आहे, अंदाज आहे की अपेक्षा आहे, हे आधी सांगावे. ‘या रस्त्यावरील बारा गाळे बंद आहेत’ ही माहिती. ‘कालवा झाल्यास ते उघडतील’ हा अंदाज. ‘माझ्या मुलांना खेळायला जागा हवी’ ही अपेक्षा. तिन्हींना सभेत सारखाच मान आहे, पण तिन्हींची उत्तरे वेगळी असतात. माहिती तपासता येते, अंदाजाचा आधार विचारता येतो, आणि अपेक्षेशी वाद घालायचा नसतो, ती नोंदवायची असते. फळ्यावर तीन रकाने आखून नोंदी घेतल्या, की कोणाचा अंदाज माहितीच्या रकान्यात घुसला, हे सभागृहच दाखवून देते.

प्रत्येक हरकतीला क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकापुढे लेखी उत्तर यावे. ‘नोंद घेतली आहे’ हे उत्तर नव्हे. हरकत मान्य असेल तर आराखड्यात काय बदलले, अमान्य असेल तर का, हे दोन-तीन वाक्यांत लिहिले जावे.

लोकांसमोर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच प्रश्न ठेवणे टाळावे. नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरात जुन्या खंदकाचा, कातारैनेसिंगलचा, एक भाग १९७० च्या दशकाच्या सुमारास बुजवून त्यातून मोटारींचा रुंद रस्ता काढला गेला होता. स्थानक परिसराचे पुढे काय करावे, यावर २००२ मध्ये सार्वमत घेतले गेले, तेव्हा मतदारांपुढे दोन पूर्ण आराखडे होते. पाणी परत आणणारा आराखडा लोकांनी निवडला. दोन सांगोपांग पर्याय समोर असले, की विरोधकालाही काहीतरी बांधणारी भूमिका घ्यावी लागते आणि समर्थकालाही तुलना करावी लागते. माझ्या मते पर्यायांमध्ये एक नेहमी कोरड्या चौकाचा असावा. रॉटरडॅममधील बेन्थेमप्लाइन हा चौक २०१३ मध्ये खुला झाला. त्याचे तीन खोलगट भाग मिळून सुमारे १७ लाख लिटर पावसाचे पाणी धरतात, आणि एरवी तेथे मुले खेळतात. आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि रहिवासी त्याच्या आखणीत सहभागी झाले होते. जेथे वर्षभर पुरेल इतके पाणी नाही, तेथे हा पर्याय तळ्यापेक्षा प्रामाणिक ठरतो.

जे सभेला येत नाहीत, त्यांच्याकडे आपण जावे

पाणी आले की काठाची किंमत वाढते. किंबहुना ती वाढावी, हाच अनेकदा प्रकल्पाचा हेतू असतो. घरमालकाला आणि गाळ्याच्या मालकाला त्याचा लाभ होतो. भाडेकरूला, फुटपाथवर बसून विकणाऱ्याला आणि जुन्या कारागिराला मात्र तीच वाढ वस्तीबाहेर ढकलते. सोलमध्ये ओढ्याच्या कामामुळे विस्थापित झालेल्या फेरीवाल्यांपैकी अनेकांना दोंगदेमुन क्रीडांगणात जागा दिली गेली आणि काही वर्षांतच ते क्रीडांगणही पाडले जाऊन त्यांना पुन्हा हलावे लागले. ज्यांनी आधीच एकदा बिऱ्हाड उचलले, त्यांच्यावर दुसऱ्यांदा ती वेळ आणणे मला अन्यायाचे वाटते, आणि ते टाळण्याची वेळ आराखडा मंजूर होण्यापूर्वीचीच असते.

म्हणून प्रस्ताव जाहीर होण्याच्या टप्प्यावरच वस्तीची मोजदाद करून घ्यावी: कोण कोठे राहतो, किती वर्षांपासून, मालक की भाडेकरू, धंदा कोणता आणि भाडे किती. ही नोंद उशिरा केली तर तोपर्यंत निम्मे लोक गेलेले असतात आणि कागदोपत्री कोणीच विस्थापित झालेले नसते. त्या नोंदीच्या आधारे तीन गोष्टी लेखी मागाव्यात: काम चालू असताना बुडणाऱ्या धंद्याची भरपाई, काठावरील नव्या गाळ्यांत जुन्या व्यावसायिकांना पहिला हक्क, आणि ठरावीक वर्षांपर्यंत भाडेवाढीला मर्यादा. फेरीवाल्यांकडून सभेला येण्याची अपेक्षा धरू नये. त्यांच्या विक्रीच्या वेळा सांभाळून, त्यांच्या जागी जाऊन, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे.

पैसा आणि देखभाल

बांधकामाच्या खर्चाबद्दल सर्व जण बोलतात, म्हणून तो भाग थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीने डिसेंबर १९९३ मध्ये मतदारांकडून एक टक्का विक्रीकर मर्यादित मुदतीसाठी मंजूर करून घेतला आणि त्यातून ठरलेली नऊ कामे केली. गोदामांच्या जुन्या भागातील ब्रिकटाउन कालवा हे त्यांपैकी एक, आणि तो १९९९ मध्ये खुला झाला. कर किती, किती काळ आणि कशासाठी, हे मतदानाआधी सांगितले गेले होते. एवढी स्पष्टता कोठेही मागता येते.

देखभालीबद्दल मात्र फारच कमी बोलले जाते. सप्टेंबर २०२० हा महिना मला त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखा वाटतो. १२ सप्टेंबरला उत्रेख्तमध्ये तो बुजवलेला खंदक पुन्हा पाण्याने पूर्ण झाला आणि लोकांनी आनंद साजरा केला. त्याआधी अकराच दिवस, १ सप्टेंबरला, जवळच्याच ॲम्स्टरडॅममध्ये ग्रिमबुर्खवाल येथील कालव्याची काठभिंत कोसळून पाण्यात गेली. त्या शहरासमोर आज सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या काठभिंतींची तपासणी आणि दुरुस्ती उभी आहे. कालवा बांधणाऱ्या पिढीने भिंतीचे आयुष्यही हिशेबात धरायला हवे, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की पटते.

सभेत म्हणून वर्षागणिक देखभालीचा तक्ता मागावा. त्यात पंप आणि झडपा, गाळ, तरंगता कचरा, काठावरची झाडे, दिवे, भिंतींची तपासणी आणि पाण्याची चाचणी, यांचा खर्च आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद असावे. गाळ काढून टाकणार कोठे, हे वेगळे विचारावे, कारण शहरी गाळात जड धातू असू शकतात आणि तो कोठेही ओतता येत नाही. सॅन अँटोनियोत नदीच्या वळणातील पाणी ठरावीक काळाने काही दिवस उतरवून तळ साफ केला जातो. तशी सोय, म्हणजे पाणी पूर्ण उतरवण्याची झडप आणि यंत्र खाली नेण्याचा उतार, मूळ रचनेतच असावी लागते. आणि तीन विभागांत वाटलेली जबाबदारी ही कोणाचीच जबाबदारी नसते, हे अनुभवी रहिवाशांना सांगायला नकोच. तेव्हा एकच उत्तरदायी कार्यालय ठरावात नावानिशी यावे.

निर्णय झाल्यानंतर

ठराव मंजूर झाला तर त्यासोबत अल्पमताची टिपणीही जोडली जावी. विरोधकांनी वर्तवलेल्या अडचणी पुढे खऱ्या ठरल्या, तर दुरुस्ती कोठून सुरू करायची हे त्यांच्या टिपणीतच सापडते. ठराव फेटाळला गेला, तरी गोळा केलेला भूमिगत नकाशा, भूजलाच्या नोंदी आणि वस्तीची मोजदाद जपून ठेवावी, कारण मलवाहिन्यांची कामे कालवा झाला नाही तरी करावीच लागतात.

शक्य असेल तेथे आधी शे-दोनशे मीटरचा एकच टप्पा करून त्यावर एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, आणि पुढच्या टप्प्याची निविदा त्यानंतरच काढावी. त्या वर्षभरात दर पंधरवड्याला पहाटे पाण्यातील प्राणवायू, पाण्याची पातळी आणि पंपाचे तास मोजून ते काठावरच्या फलकावर लिहावेत; मोजणीला शेजारच्या दोन रहिवाशांना हजर ठेवावे. ज्या पंधरवड्यात मोजणी झाली नाही, त्याचा रकाना कोरा ठेवावा आणि नंतर अंदाजाने भरू नये.